पऱ्हाटीच्या शेतात मोबाईल आणि एआय: पेरणीपासून विक्रीपर्यंत काय वापरायचं, कसं तपासायचं

विदर्भात पऱ्हाटी म्हणजे कपाशी घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हंगामात मोठे निर्णय मोजकेच घ्यावे लागतात. पेरणी कधी करायची, कोणतं बी घ्यायचं, फवारायचं की थांबायचं, विमा काढायचा का, माल कुठे आणि कधी विकायचा. पण प्रत्येक निर्णयात पैसा अडकलेला असतो आणि एकदा घेतला की तो फिरवता येत नाही. घाईनं टाकलेलं बी मोडलं तर दुबार पेरणीचा खर्च बहुतेक घरांत उधारीतूनच निघतो.

मोबाईल, ॲप, एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) यांचा उपयोग या निर्णयांच्या वेळी झाला तरच तो उपयोग म्हणायचा. गावागावांत मी उलटंच पाहतो. आधी कुणीतरी पाच-सहा ॲप डाउनलोड करून देतं, चार दिवस ती उघडली जातात, मग फोनची जागा भरली म्हणून काढून टाकली जातात. त्यामुळे हा लेख ॲपांची यादी नाही. हंगाम जसा पुढे सरकतो तसे एकेक निर्णय मांडले आहेत, प्रत्येकाला कोणतं साधन लागतं ते सांगितलं आहे, आणि साधनानं सांगितलेलं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून कसं तपासायचं तेही सांगितलं आहे. तपासण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

उन्हाळ्यातच करून ठेवायची कामं

पहिलं काम मोबाईल नंबरचं. आधारला जोडलेला नंबर कोणाजवळ आहे ते बघा. कित्येक घरांत तो नंबर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाजवळ असतो, किंवा कधीचाच बंद पडलेला असतो. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदीतला शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, कापसाची नोंदणी, सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर जातो. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी हा ओळख क्रमांक लागतोच. तो काढला नसेल तर सेवा केंद्रात जाऊन काढा आणि आपले सगळे गट नंबर त्यात आले आहेत का ते तिथेच तपासा. दुसऱ्या गावच्या शिवारातला तुकडा अनेकदा सुटतो.

दुसरं, फोनमध्ये 'शेत' नावाचा एक फोल्डर करा. त्यात सातबारा, आठ-अ, मृदा आरोग्य पत्रिका आणि बँक पासबुकाचं पहिलं पान यांचे फोटो ठेवा. पेरणीच्या वेळी त्यात बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर आणि पक्कं बिल यांचे फोटो टाका, आणि पिशवीत मूठभर बी शिल्लक ठेवा. बी उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हेच पुरावे चालतात. कच्च्या चिठ्ठीवर बी घेतलं असेल तर तिथे बोलायला जागाच उरत नाही.

तिसरं म्हणजे नोंद, कागदी वहीत किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या निरोपात. तारीख, पाऊस, पेरणी, वाण, खत, फवारणी, मजुरी. हे कंटाळवाणं काम आहे हे मला माहीत आहे. पण एआयला तुमचं शेत दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळतं. नोंद नसेल तर ते कुठल्याही शेतकऱ्याला देता येईल असं ढोबळ उत्तर देतं, आणि ढोबळ सल्ला तर पानटपरीवरही मिळतो.

पेरणी: अंदाज कसा वाचायचा

२०२५ चा मान्सून आठवा. २५ मे रोजीच तो महाराष्ट्रात आला, सगळीकडे बातम्या झाल्या, आणि मग मध्येच अडखळला. विदर्भात तो पुढे सरकायला जूनचा मध्य उजाडला. मेच्या सरींवर विसंबून ज्यांनी धूळपेरणी केली त्यांच्या जिवाला घोर लागला. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एआयवर आधारलेला मान्सूनचा अंदाज एसएमएसनं पाठवला होता, आणि पाऊस मध्ये थांबेल हे त्या अंदाजानं आधीच ओळखलं होतं. हवामानात एआय खरंच कामाला येऊ शकतं याचा हा चांगला दाखला आहे.

तरीही पेरणीचा निर्णय एकट्या अंदाजावर घेऊ नका. पद्धत अशी ठेवा.

हवामान खात्याचं 'मेघदूत' ॲप घ्या आणि आपला जिल्हा, तालुका निवडा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका निघते. तिच्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पिकाचा सल्ला असतो. भाषा नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. तुरळक शब्द वाचून पेरणीला निघायचं नसतं, आणि पाऊस आला नाही म्हणून अंदाज खोटाही ठरत नाही.

मग जमिनीत खरं किती पडलं ते मोजा. महावेध या सरकारी प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळात असतात. मंडळाचं केंद्र आठ-दहा किलोमीटरवर असेल तर तिथे धो-धो आणि तुमच्या शेतात नुसता शिडकावा, असं नेहमी होतं. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास प्लास्टिकचं पर्जन्यमापक मिळतं. ते धुऱ्यावर, झाडापासून दूर, खांबावर बसवा आणि रोज सकाळी एकाच वेळी वाचा. कृषी विभागाची शिफारस स्पष्ट आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आपल्या मापकात तेवढा पाऊस जमला, वीतभर खोल ओल गेली, आणि पुढच्या पाच दिवसांत मोठा खंड दिसत नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या की तिफण काढा. हलक्या मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, तिथे अंदाजाला जास्त वजन द्या.

आणखी एक ॲप मी प्रत्येकाला आग्रहानं टाकायला लावतो: 'दामिनी'. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. इशारा आला की डवरणी, निंदण तिथेच सोडा, झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या छपरात जा. निंदणाला आलेल्या बायांजवळ बहुतेक फोन नसतो. ज्याच्या फोनवर इशारा येईल त्यानं सगळ्यांना बाहेर काढायचं, हे कामाला लागण्यापूर्वीच ठरवून घ्या.

बोंडअळी: फोटोत न दिसणारी कीड

पानाचा फोटो काढा आणि रोग ओळखा, असं सांगणारी साधनं आता बरीच आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, तीही एआयच्या मदतीनं फोटो तपासते. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, पऱ्हाटीवरचे मावा-तुडतुडे, संत्र्यावरची कोळशी अशा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींत याची मदत होते. फोटो काढताना सकाळचा उजेड घ्या, पानाची खालची बाजूही काढा, एक फोटो जवळून, एक अख्ख्या झाडाचा आणि एक पूर्ण ओळीचा. एकाच पानाच्या फोटोवर साधन फसतं, कारण लाल्या, तुडतुडे आणि अन्नद्रव्याची कमतरता तिन्हींत पान लालसर दिसू शकतं.

पण आपल्या भागाचा मोठा घात करणारी गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. २०१७ साली तिनं पश्चिम विदर्भाची कपाशी पोखरली तेव्हा बाहेरून झाडं हिरवीगार दिसत होती. कोणताही कॅमेरा ती बाहेरून ओळखू शकत नाही. इथे आपल्याला हातानं काम करायचं आहे आणि मोजायच्या कामात यंत्राची मदत घ्यायची आहे.

पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पात्या लागायच्या सुमारास, एकरी दोन कामगंध सापळे लावा. मादी पतंगासारखा वास सोडून ते नर पतंगांना ओढतात. सापळ्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्युअर, गुलाबी बोंडअळीचाच आहे ना हे पाकिटावर वाचून घ्या. दुकानात हिरव्या बोंडअळीचाही मिळतो आणि घाईत तोच हाती येतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत ल्युअर बदला. रोज सकाळी पतंग मोजून आकडा वहीत लिहा. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय न करणं महाग पडेल इतकी कीड, गाठली असं धरतात.

हे मोजणं सोपं करण्यासाठी एआय खरं उपयोगी पडलं आहे. वाधवानी एआय या संस्थेचं 'कॉटनएस' हे साधन सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा फोटो घेऊन ते मोजतं आणि पातळीशी ताडून सल्ला देतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनंही कॅमेरा बसवलेल्या हुशार सापळ्यांवर काम केलं आहे. तुमच्या गावात यातलं काही पोचलं नसेल तरी अडत नाही. आठ पतंग डोळ्यांनी मोजता येतात.

सापळ्याबरोबर दर आठवड्याला डोमकळ्या बघा. पाकळ्या गुलाबासारख्या मिटलेल्या फुलात अळी असते. ती फुलं तोडून नष्ट करा. आणि एकरातून वेगवेगळ्या २० झाडांची, साधारण सारख्या वयाची २० हिरवी बोंडं तोडून फोडा. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा तिनं केलेलं नुकसान दिसलं, म्हणजे १० टक्के झालं, की फवारणीचा विचार करायचा. याच्या आत फवारलं तर पैसे जातात आणि मित्रकीडी मरतात. उशीर केला तर अळी बोंडात शिरून औषधाच्या आवाक्याबाहेर जाते. फोडलेल्या बोंडांचा फोटो मात्र जरूर काढा. तो कृषी सहायकाला, कृषी विज्ञान केंद्राच्या गटाला पाठवायला आणि एआयला दाखवायला, तिन्हीकडे चालतो.

एआयला प्रश्न कसा विचारायचा

राज्याच्या कृषी विभागानं २०२५ मध्ये 'महाविस्तार' ॲप आणलं. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. इतर एआय साधनंही मराठी बोलणं ऐकून उत्तर देतात. टाइप करणं जमत नसेल तर माईकचं बटण दाबून बोला. आपली वऱ्हाडी बोली यंत्राला कधीकधी नीट कळत नाही, म्हणून बोललेलं पडद्यावर बरोबर उमटलं का ते पाठवण्याआधी वाचा किंवा पोरांकडून वाचून घ्या.

'कपाशी सुकते, काय मारू?' असं विचारलं तर औषधाचं नाव मिळेल, आणि ते बहुधा चुकीचं असेल. असं विचारून बघा:

'यवतमाळ जिल्हा, भारी काळी जमीन, कोरडवाहू. २० जूनला कापूस पेरला, आज ७५ दिवस झाले, झाडांना पात्या-बोंडं आहेत. पंधरा दिवस खंड होता, मग चार दिवस जोराचा पाऊस झाला, पाणी साचलं. कालपासून काही झाडं अचानक मलूल झाली, पानं लोंबली. उपटून पाहिलं, मुळं कुजलेली नाहीत. गेल्या महिन्यात एकच फवारणी केली. कोणत्या कारणांनी असं होऊ शकतं, आणि प्रत्येक कारण शेतात कसं ओळखायचं ते सांग. आणखी माहिती हवी असेल तर आधी विचार.'

या प्रश्नात तीन तपशील निर्णायक आहेत: खंडानंतरचा पाऊस, अचानक मलूल होणं, आणि न कुजलेली मुळं. त्यावरून ही बुरशीची मर नसून आकस्मिक मर असण्याची शक्यता समोर येते, आणि पहिला उपाय साचलेलं पाणी तातडीनं बाहेर काढणं हा असतो. हे तपशील गाळले तर यंत्र बुरशीनाशक सुचवून मोकळं होतं. शेवटची दोन वाक्यंही सोडू नका. कारणं आणि ओळख मागितली की तुम्हाला शेतात जाऊन पडताळता येतं. नुसतं उत्तर मागितलं तर मानायचं किंवा सोडायचं, एवढंच हाती उरतं.

आता औषधांबद्दल, आणि इथे मी अगदी कडक आहे. एआय ठाम आवाजात चुकीचं प्रमाण सांगू शकतं. पंपाचं प्रमाण एकराला लावतं, मिलिलिटर आणि ग्रॅम यांत गोंधळतं, त्या पिकाला मान्यता नसलेलं औषध सुचवतं, दोन-तीन औषधं एकत्र करायला सांगतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती घरं अजून आपल्यातच आहेत. म्हणून एआयनं सांगितलेलं कोणतंही प्रमाण बाटलीवरच्या लेबलाशी आणि माहितीपत्रकाशी जुळल्याशिवाय पंपात काहीही ओतायचं नाही. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. कॉकटेल करू नका. लेबलवरची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर त्यांचा फोटो काढून मोठा करा, किंवा तोच फोटो एआयला देऊन मराठीत वाचून दाखवायला सांगा. लेबल वाचून दाखवायचं काम त्याच्याकडून बरंच नीट होतं, पण आकडा स्वतः बाटलीवर बघाच.

शंका उरली तर माणसाला विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालतो आणि मराठीत बोलतो. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, ही आपलीच दारं आहेत. औषध विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्या भाऊंशी संबंध जपा, पण ते देतील तो सल्ला दुसरीकडे पडताळून घ्या.

ई-पीक पाहणी, विमा आणि सरकारी कागद

ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सातबारावर मोबाईलनं स्वतः नोंद करणं, राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर अडतो, म्हणून पीक वीतभर झालं की लगेच उरका. त्या गट नंबरच्या शेतात उभं राहून फोटो काढायचा. रेंज नसेल तर गावात येऊन अपलोड करायचा. पऱ्हाटीत तुरीचे तास (ओळी) असतील तर मिश्र पीक म्हणून तुरीचीही नोंद करा. नुसता कापूस टाकला की फेब्रुवारीत हमीभावानं तूर विकायला गेल्यावर सातबारावर तूर नसते. नोंद झाल्यावर पंधरा दिवसांनी गाव नमुना बारा उघडून पीक चढलं का ते बघा.

विम्यात नियम बदलले आहेत. २०२३ चा एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हप्ता खरिपाच्या धान्य आणि गळीत पिकांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के आणि कापसाला ५ टक्के असतो. त्या हंगामात राज्यानं भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या उत्पन्नावर, ठेवली. '७२ तासांत कळवा, पैसे मिळतात' हा जुना नियम डोक्यात ठेवून बसू नका, चालू हंगामाची अधिसूचना वाचा.

आणि ती वाचायला एआय फार कामाचं आहे. शासन निर्णयाची पीडीएफ सरकारी संकेतस्थळावरून घ्या, एआयला द्या आणि विचारा: 'माझ्या जिल्ह्यात कापसाला कोणत्या नुकसानीची भरपाई आहे? शेवटची तारीख कोणती? प्रत्येक उत्तरामागे परिच्छेद क्रमांक लिही.' मग तो परिच्छेद उघडून स्वतः वाचा. बारा-पंधरा पानांतलं नेमकं अर्धं पान तुमच्यासमोर येतं. बँकेला, महावितरणला, तहसीलदारांना अर्ज लिहायचा असेल तरी हेच करा. घडलं ते साध्या भाषेत बोला, तारखा आणि गट नंबर द्या, अर्ज तयार होतो. अर्ज लिहायला कोणाकडे हात पसरावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

विक्री

भारतीय कापूस महामंडळानं (सीसीआय) २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि वेळ घेणं सुरू केलं. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल होता. नोंदणीत नाव, पीक आणि क्षेत्र सातबाराशी जुळलं नाही की अडतं, म्हणजे इथे वरची ई-पीक पाहणीच कामाला येते. केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर दर कापला जातो आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. दव सुकल्यावर वेचा, पहिल्या वेचणीचा कापूस दोन दिवस उन्हात घाला. काही घरांनी मिळून एक ओलावा मापक घेतला तर गाडी भरण्याआधीच कळतं.

भावाची तुलना करताना ॲपवरचा सर्वांत वरचा आकडा बघू नका, सर्वसाधारण दर बघा. हिंगणघाटला दोनशे रुपये जास्त दिसले तर त्यातून गाडीभाडं, हमाली आणि एक दिवसाची मजुरी वजा करून क्विंटलमागे काय उरतं ते काढा. हा हिशोब एआयकडून करून घेता येतो. आकडे मात्र तुमचेच द्या. आजचा भाव त्याला विचारू नका, तो बाजार समितीच्या नोंदीतून घ्या.

ज्यावर आत्ताच खर्च करू नये

उपग्रहावरून पिकाची तब्येत दाखवणाऱ्या सेवा विकल्या जातात. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे एकरात जेमतेम ४० ठिपके. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढगांमुळे आठवडे-आठवडे जमीन दिसत नाही, आणि पऱ्हाटीला गरज नेमकी तेव्हाच असते. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना हिवाळ्या-उन्हाळ्यात याचा उपयोग होऊ शकतो, दोन एकर कोरडवाहूला नाही. ओलाव्याचे सेन्सरही ठिबक असलेल्या गटानं मिळूनच घ्यावेत.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावानं येणारी एपीके फाइल कधीही उघडू नका. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, ओटीपी कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त.

एकट्यानं नको, गटानं

हे सगळं एका घराला झेपत नाही. आठ-दहा घरांचा गट करा आणि कामं वाटा: एकाकडे पाऊस आणि अंदाज, एकाकडे सापळ्यांचे आकडे, एकाकडे शासन निर्णय, एकाकडे बाजारभाव. गटात बाया असल्याच पाहिजेत. निंदताना, वेचताना पानावरचा, बोंडातला बदल आधी त्यांनाच दिसतो, फोन मात्र पुरुषाच्या खिशात असतो. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटातल्या ताईंकडे आणि कृषी सखीकडे सापळ्यांचं आणि फोटोंचं काम द्या, गटाचा फोन त्यांच्याकडे ठेवा.

पहिल्या हंगामात एकच निर्णय निवडा. माझा आग्रह बोंडअळीचा आहे, कारण तिथे खर्चही मोठा आणि मोजायला पद्धतही साधी. दर रविवारी बसून वहीत दोन रकाने भरा: ॲपनं किंवा एआयनं काय सांगितलं, आणि शेतात काय झालं. दिवाळीपर्यंत कोणतं साधन आपल्या शिवारात किती वेळा बरोबर आलं ते त्या वहीतच दिसेल. जे चुकत राहिलं ते काढून टाका आणि रब्बीत हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी तीच वही पुढे चालवा.